ॲस्बेस्टॉस असलेल्या इमारतीत छोटी दुरुस्ती: पहिल्या भोकाआधीपासून नोंदवहीपर्यंत

भिंतीच्या पॅनेलला एक भोक पाडायचं, वायर पलीकडे काढायची, दिवा लावायचा. अर्ध्या तासाचं काम. शाळा, रुग्णालय, ग्रंथालय, कचेरी अशा जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉसची धूळ उडवणारं काम बऱ्याचदा एवढंच असतं. ॲस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे बारीक तंतू, जुने पत्रे, पॅनेलं, नळ्यांची आवरणं यांत मिसळलेले. अख्खं छप्पर उतरवायचं असलं की परवानग्या निघतात, जागा बंद होते, प्रशिक्षित पथक येतं. भोक पाडायला मात्र एकटा वायरमन शिडी घेऊन येतो आणि खालून माणसांची ये-जा चालू असतानाच ड्रिल सुरू करतो.

अशा कामांवर देखरेख करताना मला दिसलेल्या चुका बहुतेक एकाच जातीच्या आहेत. लोकांना मास्क माहीत असतो, क्रम माहीत नसतो. मास्क लावून कोरडं भोक पाडतात, काम संपलं म्हणून मास्क उतरवतात आणि मग झाडू मारतात. पाणी आणतात, पण धूळ उडाल्यावर. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि तो क्रमानेच वाचा.

धूळ दिसली नाही म्हणजे धोका नाही, असं इथे चालत नाही. छातीत खोल जाणारे तंतू ३ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, खोकला येत नाही, आणि स्थिर हवेतही ते तासन्‌तास तरंगत राहतात. पांढरा, तपकिरी, निळा असे सगळेच प्रकार कॅन्सर करतात. आजार उमटायला साधारण २० ते ४० वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. त्यामुळे ‘इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही’ या वाक्याला काडीचाही अर्थ नाही.

## आधी हे ठरवा: काम खरंच छोटं आहे का?

‘छोटं’ कशाला म्हणायचं, याची मोजपट्टी प्रत्येक देशात वेगळी आहे. तुमच्याकडचा नियम आधी पाहा. अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणं देतो. ब्रिटनमध्ये अल्पकालीन काम म्हणजे एका माणसाचं सात दिवसांत एक तासाच्या आतलं आणि सगळ्यांचं मिळून दोन तासांच्या आतलं काम. त्यात मांडामांड आणि सफाईही मोजतात. अमेरिकेत देखभाल-दुरुस्तीच्या वर्गातल्या कामातून निघणारा ॲस्बेस्टॉसचा कचरा जास्तीत जास्त ६० इंच लांबी-रुंदीच्या एका पिशवीत मावला पाहिजे.

मोठं काम तुकडे करून छोटं करता येत नाही. आज दोन पॅनेल, उद्या दोन, परवा दोन, असं करून वीस पॅनेल काढली तर ते वीस पॅनेलांचंच काम आहे.

पुढच्या चार ठिकाणी देखभालीच्या माणसाने हात घालायचाच नाही. परवानाधारक पथकच बोलवायचं:

- छताला किंवा तुळयांना फवारलेला मऊ, कापसासारखा थर
- पोकळीत सुटा भरलेला उष्णतारोधक माल
- गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या नळ्यांवरचं, बॉयलरवरचं जुनं आवरण
- आधीच फुटलेली, कडा झडलेली, ओल लागून भुसभुशीत झालेली इन्सुलेटिंग बोर्डं (उष्णता अडवायला भिंतींना, छतांना लावलेले ॲस्बेस्टॉसचे तक्ते)

माल जितका मऊ, तितके तंतू सहज सुटतात. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के असतं आणि सिमेंटने ते घट्ट धरलेलं असतं. इन्सुलेटिंग बोर्डात प्रमाण जास्त असतं आणि पकड ढिली असते. पांढऱ्या रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात, हीच खरी अडचण आहे. एकाला सिमेंट समजून ड्रिल लावलं आणि ते बोर्ड निघालं, ही चूक मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे.

## टप्पा १: वस्तू काय आहे ते कागदावर आणा

इमारतीची ॲस्बेस्टॉसची नोंदवही, म्हणजे ते कुठेकुठे आहे याची पाहणी करून केलेली नोंद, असेल तर ती मागवा. ‘कपाटात असेल’ हे उत्तर घेऊ नका. ती उघडून नेमकी तीच भिंत, तोच मजला, तेच छत शोधा. नोंदवहीतल्या दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष जात नाही. पहिली, पाहणी करणाऱ्याला जिथे पोचता आलं नाही त्या जागांची यादी. बंद खोली, खोट्या छताच्या वरचा भाग, पॅनेलमागची पोकळी अशा जागा तपासलेल्या नसतील तर तिथे ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. दुसरी, पाहणीची तारीख. त्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांचा तिच्यात पत्ता नसतो.

नोंदवही नसेल किंवा शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नमुना प्रशिक्षित माणसानेच घ्यायचा: जागा ओली करून, छोटा तुकडा काढून, दोन पिशव्यांत बंद करून, आणि काढलेली जागा लगेच लिंपून. डोळ्यांनी पाहून, टिचकी मारून किंवा तुकडा मोडून कुणी ‘हे साधं आहे’ म्हणाला तर तो अंदाज आहे. विनाइलच्या जुन्या फरशीचा नमुना असेल तर प्रयोगशाळेला तसं स्पष्ट सांगा. तिच्यातले तंतू इतके बारीक असू शकतात की नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली ते निसटतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

तपासणीसाठी वेळ नसेल तर एकच पर्याय उरतो: ॲस्बेस्टॉस आहे असं मानून काम करायचं.

## टप्पा २: काम टाळता येईल का?

हा टप्पा सगळे गाळतात. वायर पॅनेलमधून न्यायच्या ऐवजी शेजारच्या विटांच्या भिंतीवरून नेता येते का? सूचनाफलक ठोकायच्या ऐवजी स्टँडवर उभा राहतो का? दिवा छताला लटकवायच्या ऐवजी भिंतीला लागतो का? पॅनेल धडधाकट असेल, रंग शाबूत असेल आणि कुणाचा धक्का लागत नसेल तर त्याला हात न लावणं हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. वायर आठ मीटर जास्त लागली तरी ती स्वस्त पडते.

थांबून तपासा: आतापर्यंतच्या तीनही प्रश्नांची उत्तरं लेखी आहेत का? माल कोणता, काम नियमाने छोटं आहे का, आणि ते टाळता का येत नाही. एकाचंही उत्तर तोंडी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: वेळ, माणसं आणि हवा

काम इमारत रिकामी असताना ठेवा. शाळेत सुट्टीच्या दिवशी, कचेरीत कामाची वेळ संपल्यावर. रुग्णालयात ‘रिकामी वेळ’ नसते, तिथे त्या खोलीतले रुग्ण दुसरीकडे हलवल्याशिवाय काम नाही.

माणसं दोन लागतात. एक काम करणारा, दुसरा बाहेर उभा राहून लोकांना अडवणारा आणि हातात वस्तू देणारा. दोघांनाही ॲस्बेस्टॉसच्या कामाचं प्रशिक्षण हवं. बाहेरच्याने फक्त दरवाजा सांभाळायचा असला तरी कुठे पाऊल टाकायचं नाही, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

आता हवा. पंखे बंद. एसी बंद, आणि नुसता रिमोटने नव्हे तर मुख्य स्विचवरून, कारण वेळेवर चालू होणारी यंत्रणा मध्येच सुरू होते. काम जिथे आहे तिथल्या एसीच्या जाळ्यांवर पॉलिथिन लावून टेपने बंद करा. खिडक्या लावून घ्या. खिडकी उघडून ‘हवा खेळती’ ठेवायची सवय रंगकामात चांगली, इथे वाईट. वाऱ्याने तंतू शेजारच्या खोलीत जातात.

वीज तोडून घ्या. पुढे ओलं काम आहे.

## टप्पा ४: सगळं सामान आधी मांडा

एकदा पॉलिथिनवर पाय ठेवला की काम संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. ‘फडकं राहिलं, घेऊन येतो’ म्हणून जो बाहेर येतो, तो बुटांना लागलेली धूळ कॉरिडॉरभर नेतो. म्हणून सामान मोजून, हाताशी मांडून ठेवा:

- जाड पॉलिथिन, किमान १५० मायक्रॉनचं, आणि रुंद डक्ट टेप
- अडथळ्याची पट्टी आणि ‘ॲस्बेस्टॉसचं काम चालू, आत येऊ नये’ असा फलक
- हाताने दाबायचा स्प्रे, त्यात पाणी आणि थोडा भांडी घासायचा द्रव साबण
- वॉलपेपर चिकटवायची घट्ट खळ किंवा दाढीचा फेस
- फेकून द्यायची फडकी, लागतील त्याच्या दुप्पट
- बॅटरीवर चालणारं, वेग कमी करता येणारं ड्रिल
- सीलंट आणि भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी
- ॲस्बेस्टॉससाठी बनवलेला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम
- ॲस्बेस्टॉसच्या खुणेच्या कचरा-पिशव्या, आत-बाहेर घालण्यासाठी दोन-दोन
- चांगला टॉर्च

पाण्यात साबण का? नुसतं पाणी बऱ्याचदा थेंब होऊन ओघळतं, आत नीट मुरत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते तंतूंच्या मध्ये शिरतं. स्प्रे हळू, धुक्यासारखा मारायचा. नळीने जोराचा फवारा मारला तर पाणीच धूळ उडवतं.

व्हॅक्यूमबद्दल ठामपणे सांगतो: घरगुती किंवा साधा औद्योगिक व्हॅक्यूम आणू नका. तो पुढून धूळ ओढतो आणि सगळ्यात बारीक तंतू मागून खोलीत सोडतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो यंत्रात नीट बसलेला असला आणि यंत्राची तपासणी झालेली असली तरच. त्याची पिशवी कामाच्या जागी उघडून रिकामी करायची नाही.

आणायच्याच नाहीत अशा वस्तू: ग्राइंडर, सँडर, वेगाने फिरणारी करवत, हवेचा ब्लोअर, झाडू, कोरडा ब्रश.

## टप्पा ५: मास्क आणि कपडे

कापडी मास्क, सर्जिकल मास्क, एन९५ यांपैकी काहीही पुरेसं नाही. पी३ किंवा पी१०० (अगदी बारीक कण अडवणाऱ्या वरच्या दर्जाच्या) फिल्टरचा, रबरी कडेचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क घ्या. काही देशांत अगदी थोड्या वेळाच्या कामाला एफएफपी३ दर्जाचा फेकून द्यायचा मास्क चालतो, काही देशांत तो ॲस्बेस्टॉससाठी मुळीच चालत नाही.

मास्क किती भारी आहे यापेक्षा तो चेहऱ्याला किती चिकटून बसतो हे महत्त्वाचं. त्यासाठी आधी एकदा फिट टेस्ट करून घ्यावी लागते: डोक्यावर टोपडं घालून आत कडू किंवा गोड चवीचा फवारा मारतात. चव लागली तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. शिवाय दर वेळी मास्क लावल्यावर कडा दाबून, श्वास ओढून-सोडून पाहायचं. दाढी असेल तर असा मास्क बसत नाही, एका दिवसाची खुंटंसुद्धा फट ठेवतात. हे सांगताना लोक नाराज होतात. धर्माने किंवा आवडीने दाढी ठेवणाऱ्याला ती काढायला लावू नका. त्याला चेहऱ्याला न चिकटणारा, पंख्याने गाळलेली हवा देणारा टोपडेवाला मास्क द्या किंवा ते काम दुसऱ्याला द्या.

अंगावर फेकून द्यायचा, टोपीसकटचा पूर्ण सूट, एक माप मोठा. लहान घेतला तर शिडीवर हात वर करताच काखेत उसवतो. टोपी मास्कच्या पट्ट्यांवरून ओढायची. हे उलटं झालं तर शेवटी मास्क काढल्याशिवाय सूट निघत नाही आणि सगळा क्रम बिघडतो. बाह्या हातमोज्यांवर, सुटाचे पाय बुटांवर. बूट बिनलेसचे, पुसता येणारे. लेस आणि तिच्या भोकांतली धूळ निघत नाही.

## टप्पा ६: भोक पाडणं

उदाहरण घेऊ: भिंतीच्या ॲस्बेस्टॉस-सिमेंट पॅनेलला २० मिलिमीटरपर्यंतचं एक भोक.

१. खाली पॉलिथिन अंथरा आणि भिंतीला लागून कड टेपने चिकटवा. भिंत आणि पॉलिथिन यांच्यामध्ये बोटभर फट राहिली की भुगा नेमका तिथेच जातो.

२. पॅनेल पलीकडून उघडं असेल तर पलीकडेही पॉलिथिन, पलीकडेही फलक. हे विसरणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. ड्रिलचा बिट बाहेर पडताना मागची बाजू फोडतो, आणि तिथे कुणीतरी टेबलावर काम करत बसलेलं असतं.

३. भोकाची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्या, मग टेप लावा. मागेही लावा. टेप कडा झडू देत नाही.

४. टेपवर मुठीएवढी खळ किंवा फेसाचा जाड गोळा थापा. मागेही तसाच. खळ अशी घट्ट हवी की भिंतीवर लावून दहापर्यंत मोजलं तरी खाली घसरत नाही. पातळ झाली तर पहिल्या फेऱ्यातच ओघळते आणि बिट कोरडा फिरतो.

५. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर. हॅमर, म्हणजे ठोके देत फिरवायची सोय, बंद. खळीतून बिट आत घाला आणि मगच चालू करा. जोर लावू नका. बिट फिरतो तशी खळ राखाडी होत जाते आणि भोकाभोवती चिखलासारखी गोळा होते. तो राखाडी चिखल म्हणजे जी हवेत गेली असती ती धूळ. खळ पांढरीच दिसत असेल तर बिट फिरतोय पण कापत नाही. थांबून बिट बदला.

६. खळ कमी झाली की थांबा, आणखी थापा, पुढे चला. बिट पलीकडे निघाला की ड्रिल बंद करा आणि बिट खळीतूनच हळू मागे घ्या. फिरता बिट बाहेर काढलात तर चिखल सुटाच्या छातीवर उडतो.

७. दोन्ही बाजूंची खळ ओल्या फडक्याने आत ओढत, मुठीत गोळा करत पुसा. फडकं घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा, एकदा आणखी पुसा, आणि ते थेट पिशवीत टाका. तेच फडकं बादलीत बुडवून पिळायचं नाही. बादलीचं पाणी मग ॲस्बेस्टॉसचं पाणी होतं आणि ते ओतायचं कुठे, हा नवा प्रश्न उभा राहतो.

८. टेप काढून पिशवीत. भोकाच्या आतल्या कच्च्या कडेला सीलंट लावा आणि प्लॅस्टिकची नळी बसवा. नळी नसेल तर वायर ओढताना कडेवर घासते, पुढच्या प्रत्येक वेळी घासते, आणि तुम्ही एवढ्या काळजीने केलेलं काम वाया जातं.

छताला भोक असेल तर खळ खाली पडते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या कपाच्या बुडातून बिट वर काढा, कप खळीने भरा, कपाचं तोंड छताला घट्ट दाबून धरा आणि मग ड्रिल चालू करा. भुगा कपातच राहतो.

सावध: भोकातून मागे मऊ, कापसासारखा माल दिसला किंवा बिट अचानक लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर तिथेच थांबा. भोकावर ओलं फडकं ठेवून टेप लावा. तो माल सिमेंट नाही, काम आता तुमचं राहिलेलं नाही.

### इतर कामं, थोडक्यात

सिमेंटचा एखादा पत्रा बदलायचा असेल तर पत्रा फोडायचा नाही. आधी ओला करायचा, मग बोल्ट कापायचा किंवा पान्याने काढायचा. गंजलेल्या बोल्टाला हातोडी मारली की पत्रा भोकापाशी तडकतो. पत्रा अख्खा खाली उतरवायचा, वरून टाकायचा नाही. आणि जुन्या पत्र्यावर चढायचं नाही. तो माणसाचं वजन पेलत नाही, आणि छतावरच्या कामात या क्षणाचा धोका ॲस्बेस्टॉसपेक्षा पडण्याचाच मोठा आहे.

विनाइलची सैल फरशी असेल तर कडेला साबणाचं पाणी मुरू द्या आणि रुंद पट्टीच्या खरवडणीने अख्खी उचला. खालचा काळा डिंकही ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, तो घासून गुळगुळीत करायचा नाही. फरशीवरचं जुनं पॉलिश मशीनने काढताना वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या खाली, मऊ पॅड आणि ओली जमीन.

नळीच्या जोडातलं जुनं पॅकिंग बदलताना नळीतला दाब आणि उष्णता उतरू द्या, जोड उघडताना फवारत राहा, पॅकिंग अख्खं उचलून पिशवीत टाका. उरलेलं ओलं करून खरवडा. तारेचा फिरता ब्रश नको.

रंग उडालेल्या पण धड पॅनेलवर नुसता रंग द्यायचा असेल तर सँडपेपर अजिबात नाही. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, ब्रशने रंगवा.

## टप्पा ७: सफाई

क्रम वरून खाली आणि आतून बाहेर. आधी ड्रिल आणि हत्यारं ओल्या फडक्याने पुसा. मग शिडीच्या पायऱ्या, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू. मग भिंत. मग पॉलिथिनवर पडलेलं व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या फडक्याने उचला. पॉलिथिनवर हलका फवारा मारा आणि ते कडा आत वळवत, पिशवीसारखं गुंडाळत आणा. झटकायचं नाही. व्हॅक्यूम हलवण्याआधी त्याच्या नळीचं तोंड टेपने बंद करा.

थांबून तपासा: मास्क अजून तोंडावर आहे ना? याच टप्प्यावर तो गळ्यात उतरलेला असतो.

## टप्पा ८: बाहेर पडण्याचा क्रम

एकदा एक अनुभवी सुतार अगदी नमुनेदार काम करून बाहेर आला. पहिली गोष्ट केली ती म्हणजे मास्क काढून कपाळाचा घाम बाहीने पुसला. त्या बाहीवर तासाभराची धूळ होती. तेव्हापासून हा क्रम मी मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावतो:

१. पिशवीपाशी उभे राहा. बूट ओल्या फडक्याने पुसा.

२. सूट वरपासून खालपर्यंत हेपा व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने पुसा. जोडीदार असेल तर पाठ त्याच्याकडून, पण मग त्यानेही मास्क आणि सूट घातलेला हवा.

३. टोपी मागे सरकवा, सूट खांद्यांवरून उलटा करत खाली गुंडाळा. बाहेरची बाजू आत जाते. हातमोजे त्याच्यासोबतच उलटे निघतात. सगळं पिशवीत.

४. हात आणि चेहऱ्याचा उघडा भाग धुवा. मास्क लावलेलाच.

५. मास्क बाहेरून पुसा. मग डोळे मिटून, पुढे वाकून, पट्टीला धरून काढा. सगळ्यात शेवटी.

सूट घालून चहाला जायचं नाही, आणि आतले कपडे माखले असतील तर ते घरी धुवायला न्यायचे नाहीत. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कॅन्सर) झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. त्यांनी ॲस्बेस्टॉसला कधी हातही लावला नव्हता.

## टप्पा ९: कचरा

फडकी, सूट, टेप, पॉलिथिन, खळ, फेकायचा मास्क, सगळा कचरा ॲस्बेस्टॉसचाच. पिशवी तीन-चतुर्थांशच भरा. दाबून हवा काढायची नाही, दाबल्यावर तोंडातून धूळच बाहेर येते. तोंड पिळून, दुमडून, टेपने बांधा. बाहेरून पुसा, दुसऱ्या पिशवीत घालून तेही तसंच बांधा. खूण दिसली पाहिजे. पिशवीत मावत नाही म्हणून तुकडा मोडायचा नाही. मोठा तुकडा पॉलिथिनच्या दोन थरांत अख्खा गुंडाळून टेपने बंद करा आणि त्यावर लेबल लावा.

पिशव्या कुलूप असलेल्या जागी ठेवा आणि नियमाने मान्य असलेल्या ठिकाणीच द्या. इमारतीच्या कचराकुंडीत टाकलेली पिशवी संध्याकाळपर्यंत कुणीतरी उघडतो.

## अचानक तुटलं तर

शिडी घसरून पॅनेलला भोक पडलं, दारामागचा तुकडा गळून पडला. अशा वेळी पहिला हात झाडूकडे जातो. तो थांबवा.

सगळे बाहेर या, दार लावा, पंखा-एसी बंद करा, दारावर फलक लावा, आत कोणकोण होतं ती नावं लिहा. ज्याच्या अंगावर धूळ आहे त्याने तिथेच, दाराजवळ, कपडे ओल्या फडक्याने पुसावेत, डोक्यावरून झटकून न ओढता हळू काढावेत आणि पिशवीत घालावेत. मग अंघोळ, केसांसकट. मूठभर सिमेंटचा तुकडा असेल तर वरच्याच पद्धतीने प्रशिक्षित माणसाने मास्क लावून, ओला करून उचलायचा. मऊ माल असेल किंवा काय आहे ते माहीत नसेल तर खोली बंदच ठेवायची, पथक येईपर्यंत.

## टप्पा १०: पाहणी आणि नोंद

जागा वाळू द्या. ओल्या जमिनीवर उरलेली धूळ दिसत नाही. मग दिवे मालवून टॉर्च जमिनीला जवळजवळ समांतर धरा. आडव्या उजेडात राहिलेला कण सावलीसकट दिसतो. पाहणी काम करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करायची. भिंतीचा तळ, शिडीचे पाय जिथे होते ती जागा, दाराची चौकट, आणि पॅनेलची मागची बाजू. काही दिसलं तर पुन्हा मास्क, सूट आणि टप्पा ७.

सगळं स्वच्छ असेल तर फलक काढा, हवा सुरू करा. इमारतीच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहा: तारीख, नेमकी जागा, माल, काय केलं, कुणी केलं, आत किती वेळ होते, कोणता मास्क होता, कचरा कुठे दिला, पाहणी कुणी केली. काम करणाऱ्याच्या नावाची नोंद त्याच्या स्वतःच्या कागदातही ठेवा. तीस वर्षांनी डॉक्टरने विचारलं तर त्याच्याकडे दाखवायला तेवढंच असेल.

आणि नव्या भोकाशेजारी छोटं लेबल चिकटवा. पुढचा वायरमन नोंदवही उघडेलच असं नाही, भोकाकडे मात्र तो नक्की बघेल.